कादंबरीला ताप आला

हल्ली घरात कोंडून राहिल्याच्या आठवणी कुणीही सांगतो. साथ आली, सरकारने सांगितलं, माणसं घरात बसली. यात माझ्या मते कर्तबगारी अशी काही नाही. आम्ही घरात कोंडून घेतलं ते जगात कुठेही साथ नसताना. दुकानं उघडी होती, शाळेला उन्हाळ्याची नेहमीची सुट्टी होती, लोक रस्त्यात भेटून एकमेकांच्या तोंडावर खुशाल शिंकत होते आणि आम्ही चार माणसं दोन खोल्यांत दार लावून उकडलेल्या बटाट्यांकडे बघत बसलो होतो. याला म्हणतात दूरदृष्टी. बायको याला वेगळा शब्द वापरते.

हे सगळं केलं ते कादंबरीसाठी.

मी तेव्हा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर होतो. नळाला पाणी नाही, पाण्याला जोर नाही, पाणी आहे पण त्याला वासही आहे, अशा तक्रारी दिवसभर लिहून घ्यायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर मानवजातीचा संहार करायचा, असा माझा दिनक्रम होता. उरलेल्या अर्ध्या भागावर बायको भाजी चिरायची. कादंबरी वैज्ञानिक होती. एका धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वीवर धूळ उतरते, त्या धुळीने माणसांची नखं निळी पडतात, मग ताप चढतो आणि मग फारसं काही उरत नाही. साथ जगभर पसरते आणि आई, वडील, मुलगा आणि आजोबा असं एक कुटुंब दार लावून घेऊन तग धरतं. कल्पना भव्य होती, हे आजही सांगतो. भाषेवर मात्र कार्यालयाचा थोडा डाग पडला होता. ‘सदर ताप उपरोक्त कुटुंबाच्या दारापर्यंत येऊन ठेपला असून त्याबाबत तातडीने कार्यवाही होणे आवश्यक होते,’ हे वाक्य मी अत्यंत थरारक क्षणी लिहिलं होतं, आणि लिहिताना माझ्या अंगावर काटाही आला होता.

हस्तलिखित घेऊन मी एका प्रकाशकाकडे गेलो. प्रकाशक म्हणजे छापखान्याचे मालक. पावतीपुस्तकं छापता छापता हात मोकळा झाला तर साहित्यही छापत. त्यांनी कादंबरी वाचली, चष्मा काढला आणि माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं.

“लग्न झालंय तुमचं?”

“झालंय.”

“मूल आहे?”

“एक मुलगी.”

“मग हे कसं लिहिलंत? तुमचं कुटुंब तिसऱ्या प्रकरणात दार लावतं ते अठराव्यात उघडतं. मधल्या चौदा प्रकरणांत सगळे एकमेकांशी गोड बोलतात. नवरा बायकोला ‘प्रिये’ म्हणतो. मुलगा एकदाही ‘कंटाळा आला’ म्हणत नाही. अहो, धूमकेतू आम्ही मान्य करतो, पण हे कोण मान्य करेल? तुम्ही कधी सलग आठवडाभर घरात बसलात का?”

नव्हतो बसलो. रविवारीसुद्धा मी जेवण झालं की वाचनालयात जाऊन झोपत असे. पण अपमान तो अपमान. येताना रस्ताभर मी त्यांना निरुत्तर करणारी उत्तरं तयार केली आणि आमच्या जिन्यापर्यंत येईतो मनाशी ठरवून टाकलं की बसायचं. आठवडाभर रजा काढून, दार लावून, साथ आहे असं समजून, सहकुटुंब बसायचं. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत उंदीर ठेवतात. माझ्याकडे प्रयोगशाळा होती आणि उंदरांची संमती तेवढी घ्यायची होती.

बायकोने हातातलं बटाट्याचं साल संपूर्ण उतरेपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही आठवडाभर घराबाहेर जाणार नाही?”

“नाही.”

“मग माळा आवरून द्या.”

साथीच्या भीषणतेविषयी तिचं मत तेवढ्यावरच थांबलं. मुलीने मात्र प्रयोग उचलून धरला. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. आठवडाभर बाहेर जायचं नाही म्हटल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. पण दाराचा ताबा तिच्याकडे राहील एवढं कबूल केल्याबरोबर तिने स्वतःला मुख्य अधिकारी नेमलं आणि गळ्यात शिट्टी अडकवली.

सामान आणायला मीच गेलो. बायको यादी करून देत होती, पण कादंबरीतला बाप यादी घेऊन जात नाही; तो संकट ओळखतो आणि हाताला येईल ते उचलतो. मी पोतंभर बटाटे, मेणबत्त्या आणि काड्यापेट्यांचा ढीग उचलला. दुकानदार म्हणाला, “काय हो साहेब, एवढ्या काड्यापेट्या? कुठे काही होणार आहे का?” मी म्हणालो, “अजून जाहीर झालेलं नाही.” लेखकाला थोडं गूढ बोलावं लागतं. संध्याकाळपर्यंत आमच्या रस्त्यावर एकाही दुकानात काडी मिळेना. मी चहाची पावडर आणायला विसरलो होतो, हे मात्र दार लावल्यावर कळलं.

दार लावायच्या सकाळी सासरे आले.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. आयुष्यभर उन्हात जमीन मोजल्यामुळे डोळे सदा बारीक केलेले, आणि त्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत तेव्हा मी कुठेतरी दोन वीत कमी भरतोय असं मला वाटे. लग्नाला दहा वर्षं झाली तरी आमचं बोलणं ‘काय जावईबापू?’ आणि ‘ठीक, अण्णा’ यापलीकडे गेलं नव्हतं. ते येण्याचं कारण मला माहीत होतं. मला दुसऱ्या गावी हेडक्लार्क म्हणून बढती आली होती आणि मी विचार करून कळवतो असं सांगितलं होतं. विचार म्हणजे कादंबरी पुरी होईपर्यंत हलायचं नाही, हा. बायकोने बापाला कळवलं असणार. बाप दोन बसच्या मधल्या वेळात जावयाचे कान उपटायला आला होता.

अण्णांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, मागे दार लागलं आणि शिट्टी वाजली.

“बाहेरून आलेल्या माणसाने वेगळं बसायचं,” भिंगरी म्हणाली. “गॅलरीत. आणि पांघरूण घ्यायचं. दहाव्या प्रकरणात आहे.”

मी घाम पुसला. ज्या माणसासमोर तालुक्याचे अधिकारी उभे राहत, तो माणूस नातीकडे बघत राहिला, मग चपला काढून मुकाट्याने गॅलरीत गेला आणि भर उन्हाळ्यात चादर गुंडाळून स्टुलावर बसला. इथवर सगळं घरातल्या घरात होतं.

पण आमच्या शेजारी मावशी होत्या. त्यांना अख्खी इमारत ‘बिनतारी मावशी’ म्हणे, कारण बातमी पोचवायला त्यांना कुठल्याही यंत्राची गरज लागत नसे. आमची त्यांची भिंत एक आणि ती पातळ. आदले काही दिवस मी कादंबरी मोठ्याने वाचून तपासत होतो, त्यामुळे ‘निळी नखं’, ‘ताप’ आणि ‘आजोबा गेले’ एवढा मजकूर मावशींपर्यंत अगोदरच पोचला होता. त्यात आमचं दार लागलेलं, काड्यापेट्या संपलेल्या आणि गॅलरीत चादरीत गुंडाळलेले अण्णा. तरी बाईंनी संयम ठेवला. नुसतं दार वाजवून विचारलं, “काही हवं का हो? चहाची पावडर वगैरे?”

मी साखळी न काढता दार बोटभर उघडलं. “मावशी, कृपा करून आत येऊ नका. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.” आणि दार धरायला माझी बोटं फटीतून बाहेर काढली.

माझं पेन गळकं होतं. सकाळपासून मी लिहीत बसलो होतो. पाचही नखं मुळापर्यंत निळी होती.

मावशी किंचाळल्या नाहीत. मावशी जिना उतरल्या. त्या वयात त्या वेगाने उतरताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

थोड्याच वेळात इमारतीचे चिटणीस आले आणि खालच्या पायरीवरून, नाकाला रुमाल लावून, सभेत बोलावं तसं बोलले. “घाबरू नका. इमारत तुमच्या पाठीशी आहे. फक्त जरा लांबून.” मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या शिंप्याने ओरडून सांगितलं, कांदा चिरून उशाशी ठेवा. वरच्या पेन्शनर काकांनी सांगितलं, कांदा अजिबात नको, त्याने ताप आत जातो. पाय मिठाच्या पाण्यात ठेवा. कुणी म्हणालं खिडक्या उघडा, कुणी म्हणालं उघडाल तर याद राखा. मी आतून ओरडत होतो की आम्ही ठणठणीत आहोत. त्यावर चिटणीस हळहळून म्हणाले, “तापात माणूस असंच म्हणतो.”

आणि मग आरोग्य निरीक्षक आले. बरोबर एक मदतनीस, हातात खळीचा डबा आणि ब्रश.

“रुग्ण कोण?” निरीक्षकांनी दाराबाहेरून विचारलं.

“रुग्ण नाही हो कुणी! ताप कादंबरीला आहे!” मला ‘कादंबरीत’ म्हणायचं होतं. पण माणूस घाईत असला की विभक्ती सुटते.

“नाव कादंबरी,” निरीक्षक मदतनिसाला म्हणाले. “लिहून घे. नातं काय?”

मी उत्तर जुळवतोय तोवर स्वयंपाकघरातून, बिनचहाची दुपार सहन करत असलेल्या बायकोचा आवाज आला, “सवत!”

मग मावशी हलक्या आवाजात, म्हणजे दोन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तरीच. मी म्हणतच होते, हा माणूस कुणासाठी दिवा जाळतो.”

मी साखळी काढून दार सताड उघडलं आणि खुलासा करण्यासाठी दोन्ही हात वर केले. निळे हात बघून अख्खा जिना एक मजला खाली गेला, निरीक्षकही गेले. मी हस्तलिखित पुढे करून म्हणालो, “ही बघा कादंबरी! हातात घेऊन बघा!” ते खालूनच म्हणाले, “रुग्णाच्या वापरातल्या वस्तू हाताळता येत नाहीत.” मग त्यांनी मला आत जायला लावलं, मदतनिसाने दारावर खळ फासली आणि कागद चिकटवला: ‘या घरात साथीचा रुग्ण आहे. आत जाऊ नये, बाहेर येऊ नये.’

“अहो, पण हा कागद काढायचा कसा?” मी आतून विचारलं.

“रुग्ण बरा झाल्याचा दाखला आणा.”

“रुग्णच नाही, तर बरा कोण होणार?”

“एकदा नोंद झाली की ती दोनच तऱ्हांनी बंद होते,” निरीक्षक शांतपणे म्हणाले. “रुग्ण बरा झाला, नाहीतर गेला. ‘नव्हताच’ असा रकाना नाही. आमच्या डॉक्टरीणबाई दौऱ्यावर आहेत. आल्या की कादंबरीला तपासतील. तोवर तिला हलकं काहीतरी खायला द्या.”

सरकारी रकान्यांचं सामर्थ्य मला माहीत होतं. मी स्वतः रोज ‘पाणी येते’ आणि ‘पाणी येत नाही’ या दोन रकान्यांत अख्ख्या गावाची तहान बसवत होतो. गॅलरीतून अण्णांची परतीची बस निघून गेल्याचा आवाज आला.

पहिले दोन दिवस प्रकाशकांचं म्हणणं खरं करण्यात गेले. मी आणि बायको खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर भांडलो. मग आता का भांडत नाही यावर भांडलो. भिंगरीने ‘कंटाळा आला’ हे वाक्य इतक्या चालींवर म्हणून दाखवलं की मला ते कादंबरीत घालायला जागा पुरली नसती. अण्णांनी पिशवीतून फीत काढून दोन्ही खोल्या मोजल्या, खडूने जमिनीवर रेघा मारल्या आणि प्रत्येकाला जागा वाटून दिली. माझ्या वाट्याला माळ्याखालची आली. बढतीचा विषय ते काढत नव्हते, त्यामुळे तो खोलीभर पसरला होता. मी माळ्यावर चढून बसत असे. तो आवरून झाल्यावरही.

वरच्या काकांनी दोरीला टोपली बांधून गॅलरीत सोडली, तिच्यात चहाची पावडर होती. वैज्ञानिकदृष्ट्या ही मदत घेणं म्हणजे प्रयोगाची हत्या होती. बायकोने टोपली माझ्या आधी गाठली. मग रोज टोपली येऊ लागली. पाव, अंडी, कुणीतरी ‘कादंबरीसाठी’ म्हणून पाठवलेली पेज. ती मीच प्यालो, हक्काने.

एका दुपारी मी माळ्यावरून उतरलो तर अण्णा त्यांच्या आखलेल्या जागेत बसून हस्तलिखित वाचत होते. पळायला जागा नव्हती. खडूची रेघ होती, पलीकडे ते होते.

“जावईबापू, एक विचारू?”

“विचारा ना.”

“हे आजोबा भूमापन खात्यातले आहेत.”

“कादंबरीतले आहेत, अण्णा.”

“पांढऱ्या मिशा आहेत.”

“असतात हो पुष्कळांना.”

“आणि तिसऱ्या प्रकरणात जातात.”

“म्हणजे... साथच तशी होती.”

अण्णांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि वाचलं: “‘याच सुमारास आजोबांचे निधन झाले, सबब मागची खोली रिकामी झाली.’” त्यांनी पान खाली ठेवलं. “दीड ओळ.”

बायकोने ओठ घट्ट मिटून भांडी घासायला घेतली. तिची पाठ हलत होती. रडतेय की हसतेय ते कळायला मार्ग नव्हता.

“जायचं माझं काही नाही,” अण्णा म्हणाले. “माणूस जातो. पण जन्मभर उन्हातान्हात मोजणीची साखळी ओढत हिंडलेला माणूस, त्याला मरायला निदान एक पान तरी द्या हो. आणि खोली रिकामी झाली हे लगेच त्याच वाक्यात? पाच मिनिटं तरी थांबायचं.”

मी पेन उघडलं. “एक पान देतो, अण्णा.”

“आणि पाचव्या प्रकरणापर्यंत ठेवता आलं तर बघा. घाई कशाला?”

तिथून कादंबरी माझी राहिली नाही. पाचव्यापर्यंत ठेवलेले आजोबा सातव्यात कुणाला ऐकेनात. घराच्या छपरावरून आजूबाजूचा सगळा मुलूख नजरेने मोजून ते बिनधुळीचा रस्ता शोधून काढू लागले. बायको म्हणाली, “ही तुमची आई दर पानाला डोळे पुसते. हिला दुसरं काम नाही का? एवढे बटाटे आहेत, तर त्यांतून वीज तरी काढू दे. भिंगरीच्या पुस्तकात आहे तसं.” मग आईने बटाट्यांवर बिनतारी संदेशयंत्र चालवलं, आणि मला खरं सांगायचं तर तोच कादंबरीतला एकमेव वैज्ञानिक भाग निघाला. भिंगरीने आधी मुलाला मुलगी करायला लावलं. पण औषध आणायला बाहेर कुणाला धाडायचं म्हटल्यावर तिने पुन्हा मुलगा आणला आणि मुलगी घरातली मुख्य अधिकारी झाली.

दुपारी आम्ही फरशी पुसून गार करायचो आणि तिच्यावरच आडवे व्हायचो. खडूच्या रेघा त्या पाण्याने पुसल्या गेल्या, पुन्हा कुणी आखल्या नाहीत. मी वाचायचो. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच ‘नाही, हे वाक्य दाबाने येत नाही’ म्हणायचे, जणू तक्रार नोंदवायला आलेत. भिंगरी आजोबांच्या पोटावर डोकं ठेवून छताकडे बघायची. बायकोचा हात भाजी निवडता निवडता थांबायचा. एकदा मी पाणी प्यायला थांबलो, तर भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला, “थांबलात का हो? मग त्या बाईने संदेश पाठवला की नाही?” दार बोटभर उघडून पाहिलं तर आमच्या जिन्यावर पायरीला एक अशी माणसं बसली होती. शिंपी हातातलं काम घेऊन आला होता. चिटणीसांच्या नाकाला रुमाल होता, पण कान उघडे होते. मला बघून सगळे एक पायरी खाली सरकले आणि म्हणाले, “वाचा, वाचा. आम्ही लांब आहोत.”

पुढे मी पुष्कळ कार्यालयांत गेलो, सभांत बोललो, निवृत्तीच्या दिवशी दोन हार घेतले. पण त्या जिन्यासारखे श्रोते मला पुन्हा मिळाले नाहीत. आणि ‘उकडतंय’, ‘सरक’, ‘वाचा पुढे’ या तीन बोलांवर चालणारं तसं घरही परत जमलं नाही. नंतर आम्हाला मोठ्या खोल्या मिळाल्या. मोठ्या खोल्यांत माणसं आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसतात.

डॉक्टरीणबाई दौऱ्यावरून आल्या त्या दिवशी जिना गच्च भरला होता. बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या आणि त्यांना लवकर घरी जायचं होतं.

“कादंबरी कुठेय?”

मी दोन्ही हातांनी हस्तलिखित पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निरीक्षकांकडे पाहिलं, दारावरच्या कागदाकडे पाहिलं. मग हस्तलिखित घेतलं आणि उंबऱ्यावर उभ्या राहून वाचायला लागल्या. आम्ही सगळे वाट बघत होतो. पान उलटलं. आणखी एक उलटलं. बायकोने हळूच आतून स्टूल आणून त्यांच्यामागे ठेवलं, त्या न बघता बसल्या. निरीक्षक खाकरले, तर बाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. “आणि हे आजोबा?”

“इथेच आहेत,” अण्णा पुढे होऊन म्हणाले. “सुखरूप.”

बाईंनी दाखला लिहिला. तो मी वर्षानुवर्षं भल्याभल्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला आहे: ‘कादंबरी हिला तपासले. प्रकृती उत्तम. नाडी ठीक. वजन थोडे जास्त आहे, ते उतरवावे.’ इतकं नेमकं परीक्षण माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. मदतनिसाने ओल्या फडक्याने कागद सोडवला. मावशी म्हणाल्या, “झालं? म्हणजे उद्या वाचन नाही?” त्यांच्या सुरात आम्ही बरे झाल्याचा आनंद शोधूनही सापडला नसता.

अण्णांनी पिशवी भरली. मी त्यांना बसपर्यंत सोडायला निघालो. इतक्या दिवसांनी रस्त्यावर आल्यावर ऊन फार मोठं वाटत होतं. आम्ही थांब्यावरच्या बाकावर बसलो आणि मी पाठ ताठ केली. आता बढतीचं निघणार होतं. कान उपटायला आलेला माणूस ते काम अर्धवट टाकून परत जात नाही.

बस आली. अण्णा उठले नाहीत.

“गर्दी आहे,” ते म्हणाले. बसमध्ये चार माणसं होती.

बस गेली. अण्णांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. “तो मुलगा औषध आणायला बाहेर गेला. पुढे?”

“ते अजून लिहायचंय, अण्णा.”

“लिहा हो सावकाश. पण काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेल ना?”

मला काहीही ठाऊक नव्हतं. मी त्या मुलाला बाहेर धाडलं होतं आणि स्वतः घरात बसून राहिलो होतो. पण अण्णांचे ते जमीन मोजणारे डोळे पहिल्यांदाच माझ्याकडे मोजायला म्हणून बघत नव्हते. मी सुरुवात केली. मुलगा पुलापर्यंत जातो. पूल धुळीने निळा झालाय. तो आजोबांनी सांगितलेला रस्ता आठवायला लागतो, पण वळण चुकतं...

“कुठलं वळण?”

“विहिरीपाशीचं.”

“तिथे चुकतंच,” अण्णा अस्वस्थ होऊन म्हणाले. “मी सांगितलं होतं त्याला. बरं, मग?”

मग मी औषध सांगितलं, अंधार सांगितला, बंद दुकानं सांगितली. दुसरी बस आली आणि गेली, आमच्यापैकी कुणी वर पाहिलं नाही. मी श्वास घ्यायला एक क्षण थांबलो, तेवढ्यात अण्णांनी माझा गुडघा धरून हलवला.

“अरे, थांबतोस काय असा? सांग ना पुढचं!”

दहा वर्षांत ‘अहो जावईबापू’ची ती पहिली सुट्टी. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

बढती मी पुढे घेतली, ते घर सुटलं. कादंबरी त्याच छापखान्यात छापली गेली आणि इमारतीतल्या लोकांनी ती विकत घेऊन ‘ऐकताना जास्त चांगली होती’ असं कळवलं. ते खरंच होतं. थांब्यावर सांगितलेला शेवट मला लिहायला बसल्यावर आठवलाच नाही. मी बरेचदा अण्णांना विचारलं, तेही म्हणाले, “फार छान होता एवढं आठवतं.” आता विचारायला तेही नाहीत.

आठवते ती तिसरी बस. ती थांबली, कंडक्टरने खाली वाकून विचारलं, “आजोबा, शेवटची आहे. येताय ना?”

“थांब रे जरा,” अण्णा माझ्यावरची नजर न काढता म्हणाले. “पोरगं अजून घरी पोचलं नाही.”

कंडक्टरचा चेहरा उतरला. “कुणाचं पोरगं?”

“आमचं,” अण्णा म्हणाले. कंडक्टरने घंटीच्या दोरीवरचा हात खाली घेतला, बस तशीच उभी राहिली, आणि मी घाईघाईने त्या पोराला पूल ओलांडून दिला.